खोक्याला पावती आहे, माणसाला नाही

मी गोदीत काम करतो. जहाजातून माल उतरतो तेव्हा प्रत्येक खोक्याला कागद असतो. कुठून निघालं, कुणाचं आहे, वजन किती, कुठल्या शेडमध्ये जाणार, सगळं लिहिलेलं. टॅली क्लार्क वहीत खूण करतो. गेटपास नसेल तर खोकं फाटकाबाहेर जात नाही. एक खोकं कमी भरलं तर साहेब लोक केबिनमधून खाली उतरतात आणि आख्ख्या टोळीला उन्हात उभं करून झडती घेतात.

२०२४ च्या जानेवारीत माझ्या मामाचा पोरगा पवनी तालुक्यातून निघाला आणि तेलंगणातल्या एका मिरचीच्या शेतात पोचला. सव्वादोन महिने तो कुठं होता याचा एकही कागद या देशात नाही. निघाल्याचा नाही, पोचल्याचा नाही, मजुरीचा तर नाहीच नाही. एकोणीस वर्षांचा जिताजागता माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला, आणि कुणी वहीत साधी खूण केली नाही. त्याच्या जागी मिरचीचं पोतं असतं तर त्याची पावती फाडली गेली असती.

या अंकाचं संपादकीय त्या पावतीबद्दल आहे.

आईचं माहेर वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्दच्या धरणात बुडालेल्या गावांपैकी एक. गोसीखुर्द हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं गाव, आणि त्याच्या नावाचं धरण ११ किलोमीटरहून लांब, ३३ दारांचं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली. कागदावर त्याचं नाव इंदिरासागर. सुरुवातीचा अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढं खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अडीच लाख हेक्टरला पाणी देऊ असं सांगितलं गेलं. पाणी किती शेतात पोचलं हे विचारायला गेलात तर वर्ष विचारतात, टप्पा विचारतात, कालवा कुठला ते विचारतात. पण बुडायचं होतं ते बरोबर बुडालं. त्यात टप्पा चुकला नाही.

माझा मामा बौद्ध, भूमिहीन. पाटलाची जमीन ठेक्यानं करायचा. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं की धिवरांच्या जोडीनं वाळूत डांगरवाडी लावायचा. धानाच्या रोवणीला आणि कापणीला सगळं घर बाहेर पडायचं. नदीत मासे होते, काठाला सरपण होतं, गवत होतं. या सगळ्याचा सातबारा कुणाच्या नावानं असतो? कुणाच्याच नाही. सरकारनं जमीन घेतली ती १८९४ च्या इंग्रजी कायद्यानं. त्या कायद्याला फक्त मालक दिसतो. मालकाला मोबदला. ठेक्यानं करणाऱ्याला काय? वाळूत डांगर लावणाऱ्याला काय? जाळं टाकणाऱ्या धिवराला काय? दुसऱ्याच्या बांधावर राबून पोट भरणाऱ्या बाईला काय? घराचे चार पैसे मिळाले, नव्या गावठाणात प्लॉट मिळाला. गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, पाण्यात उभे राहिले, तेव्हा कुठं २०१३ मध्ये १,१९९ कोटींचं पॅकेज निघालं. नोकरीच्या बदल्यात रोख रक्कम. रोख रक्कम म्हणजे काय असते ते आपल्या लोकांना विचारा. एक लग्न, एक आजारपण, वर पत्रे. संपलं. नदी दरवर्षी द्यायची. पॅकेज एकदाच देतं.

आणि २०२४ मध्ये त्याच पाण्यावर जलपर्यटनाचं भूमिपूजन झालं. ज्यांचं गाव खाली आहे त्यांनी वरून बोटीत बसून ते बघायचं, तिकीट काढून.

मी हे सगळं का सांगतोय? कारण मजूर विकला जातो तो मुकादम दारात येतो त्या दिवशी नाही. तो त्याच्या कितीतरी आधी विकायला तयार केला जातो. त्याच्या पायाखालची जमीन, हातातलं काम, शेजारची उधारी, ओळखीचा दुकानदार, हे एकेक करून काढून घेतलं जातं. मग मुकादमाला काही करावंच लागत नाही. त्यानं फक्त खिशातून नोटा काढायच्या.

या नोटांचं नाव उचल. कुणी बयाना म्हणतं, कुणी ॲडव्हान्स. माझ्या मामेभावाला पंधरा हजार दिले. मामाला मूतखड्याचं ऑपरेशन होतं. मिरची तोडायला जायचं, रोजी चारशे, खाणं मालकाचं, दोन महिन्यांत पैसे फिटतात आणि वर वीस हजार घेऊन घरी, असा हिशोब तोंडी झाला. बोलणी करणारा कुणी परका गुंड नव्हता. नव्या गावठाणातलाच, आमच्याच वस्तीतला. त्याच्या घरावर पंचशीलाचा झेंडा आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीत त्याचा आकडा सगळ्यात मोठा असतो. ही गोष्ट लिहिताना हाताला जड जाते, पण लिहिली पाहिजे. माणसांच्या व्यापारातला पहिला दलाल बहुतेक वेळा नात्यातला, जातीतला, गावातला असतो. त्याच्यावर विश्वास असतो म्हणून तर धंदा चालतो.

गाडीत बसल्यावर आधार कार्ड जमा केलं. 'ठेवायला.' शेतावर पोचल्यावर मोबाईल जमा केला. 'कामात लक्ष लागत नाही.' भाषा तेलुगू, एक अक्षर कळत नाही. राहायला प्लास्टिकची पालं. पहिल्या आठवड्यात कळलं की चारशे रोजी नाही, किलोवर पैसे. मग कळलं की येण्याचं भाडं उचलीत मिळवलंय. मग खाणंही मिळवलंय. आजारी पडला ते दोन दिवस, त्याचा खाडा, तोही मिळवलाय. दोन महिने मिरची तोडून त्याच्या नावावर नऊ हजार बाकी निघाली. वही मुकादमाकडं. त्यात काय लिहिलंय ते मुकादमालाच माहीत. एका रात्री हे पोरगं रेल्वेच्या रुळाच्या आवाजाच्या दिशेनं चालत निघालं.

मुंबईला माझ्याकडं आला तेव्हा बोटं सुजलेली, मिरचीनं भाजलेली. मी विचारलं, "अरे, आधी का नाही पळालास?" म्हणाला, "दादा, पैसे घेतले होते ना मी. पळून कसा जाऊ? बाबाले तरास देला असता."

दिलाच. नऊ हजारांसाठी मुकादम घरी आला. मामीनं कानातले दिले.

आणि तक्रार द्यायला गेलो तेव्हा समोरच्या साहेबानं एकच प्रश्न विचारला: "तू स्वतःच्या पायानं गेला होतास ना?"

दोस्तांनो, या प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेवा. उद्या तुम्हालाही कुणी विचारील.

संविधानाचं २३ वं कलम माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला बंदी घालतं. हे कलम फक्त सरकारला लागू नाही. मुकादमाला, मालकाला, ठेकेदारालाही लागू आहे. १९८२ साली दिल्लीत एशियाडची स्टेडियमं बांधणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ उलगडून सांगितला. सक्ती म्हणजे फक्त काठी आणि साखळी नाही. भूकसुद्धा सक्तीच आहे. दुसरा पर्याय नाही म्हणून किमान वेतनाहून कमी पैशात जो राबतो, त्याचं काम हे सक्तीचंच काम. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात कोर्टानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. मजुराकडून सक्तीनं काम घेतलं जातंय हे दिसलं, तर त्यामागं उचल किंवा कर्ज असणार असं कोर्टानं धरून चालायचं, आणि तसं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. आता भारतीय न्याय संहिता आली, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या १४३ व्या कलमात माणसांच्या व्यापाराचा गुन्हा आहे, आणि तिथं स्पष्ट लिहिलंय की गुन्हा ठरवताना बळी पडलेल्याची संमती बघायची नाही.

म्हणजे, साहेब, हो. तो स्वतःच्या पायानं गेला. भुकेनं पाठीत लाथ घातली म्हणून गेला. कायदा ते ओळखतो. तुम्ही ओळखत नाही.

साखळीचं बोललो, तर साखळीही जुन्या काळची गोष्ट नाही. जून २०२३. जिल्हा उस्मानाबाद, ज्याचं नाव आता धाराशिव. ढोकी पोलिसांच्या हद्दीत विहिरींच्या कामावरून अकरा मजूर सोडवले गेले. दलालांनी त्यांना अहमदनगरच्या बाजूला हेरलं होतं आणि दोन ते पाच हजार रुपयांना एक या भावानं ठेकेदारांना विकलं होतं. दिवसाचे बारा-चौदा तास विहीर खणायची. रात्री पळू नये म्हणून साखळीनं बांधायचं. शौचाला वर येऊ देत नव्हते, विहिरीतच बसायला लावायचे. एक जण पळाला, हिंगोलीकडं आपल्या घरी पोचला, त्यानं तोंड उघडलं म्हणून बाकीचे सुटले. पाच हजार रुपयांत आज धड स्मार्टफोन येत नाही. महाराष्ट्रात माणूस आला.

सप्टेंबर २०२२. नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका, उभाडे. कातकरी वस्तीतली एक दहा वर्षांची पोरगी मेंढपाळाकडं कामाला होती. मरणाच्या दारात घरी आणून टाकली आणि ती गेली. मग चौकशी झाली, आणि नाशिक-नगरच्या भागात कातकऱ्यांची आणखी कितीतरी लेकरं काही हजार रुपयांवर, एखाद्या मेंढीवर कामाला ठेवलेली निघाली. आईबापांना शिव्या देणारे खूप निघाले. त्या आईबापांकडं जमीन का नाही, जातीचा दाखला का नाही, रेशनकार्ड का नाही, हे विचारणारे कमी निघाले.

आणि ऊसतोड. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक माणूस. उचल कोयत्यावर मिळते. नवऱ्याचं अर्धं अंग बायको, असं धर्मानं सांगितलं नाही तितकं साखर कारखान्यानं मनावर घेतलंय. खाडा झाला की दंड. पाळी आली की खाडा. म्हणून पिशवीच काढून टाकायची. २०१९ मध्ये विधिमंडळात प्रश्न उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. साखर गोड असते हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय.

आता कोण विकला जाऊ शकतो ते बघू. पेपरवाले लिहितात, 'अशिक्षित, भोळ्याभाबड्या मजुरांची फसवणूक.' हे भोळेपण आधी फेकून द्या. माझा मामेभाऊ बारावी पास आहे. म्यानमार आणि कंबोडियात सायबर ठगांच्या कोंडवाड्यात अडकलेली पोरं इंग्रजी बोलणारी, कॉम्प्युटर चालवणारी आहेत. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून विमानात बसवलं, सीमेपलीकडं नेलं, पासपोर्ट काढून घेतला, आणि दिवसरात्र लोकांना ऑनलाईन फसवायला बसवलं. २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांनी म्यानमारमधून साठाहून जास्त भारतीयांना सोडवून आणलं. तिथं पासपोर्ट, इथं आधार कार्ड. तिथं नोकरीची टोपी, इथं उचलीची. कॉलेजात जाणाऱ्या मित्रांनो, शिकलेल्याला विकता येत नाही असं समजू नका. ज्याला घरी परत जाऊन तोंड दाखवायची सोय नाही, त्याला विकता येतं.

मग खूण काय? ज्याच्याकडं जमीन नाही. ज्याची जमीन धरणात, खाणीत, अभयारण्यात गेली. ज्याच्या घरात आजारपण आलं आणि सरकारी दवाखान्यात मशीन बंद होती. ज्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलंय आणि पदरात दोन लेकरं आहेत. ज्याच्या जातीला गावात कुणी उधार देत नाही, आणि दिलं तर व्याजात माणूस मागतो. ज्याचं पाल प्रत्येक हंगामात वेगळ्या गावाबाहेर असतं, म्हणून त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. ज्याचं पोरगं पाचवीत शाळा सोडून आईबापाच्या मागं फडावर गेलं. जिथं गेला तिथली भाषा ज्याला येत नाही आणि तिथलं रेशन ज्याला मिळत नाही. ही यादी वाचा आणि सांगा, यात कुठल्या जाती येतात? बौद्ध, मातंग, कातकरी, गोंड, माडिया, पारधी, वडार, धिवर. मनूनं यादी केली होती, दलालानं ती वापरायला घेतली.

भंडारा जिल्ह्याला हे नवीन नाही. १९५४ साली बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि जिल्ह्यानं त्यांना पाडलं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली ती याच जिल्ह्यात. तिथं एका बौद्ध कुटुंबाकडं थोडी जमीन होती आणि ताठ मान होती. जमीन राखून गावात राहायचं तर हे. जमीन नसताना गाव सोडायचं तर मुकादम. आपल्या माणसानं पाय ठेवायचा कुठं?

वेठ आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात तिचं नाव महारकी होतं. रात्री-अपरात्री सरकारी सांगावा घेऊन पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, लाकडं फोडायची, आणि बदल्यात वतनाचा तुकडा नि दारोदारची भाकर. तो तुकडा हीच त्या काळची उचल होती. तुकडा घेतलाय म्हणून सुटता येत नाही. बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं, म्हणून १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्यासाठी त्यांनी बिल आणलं. आपल्याच काही लोकांना वाटायचं, वतन गेलं तर खायचं काय? बाबासाहेबांनी दाखवलं की त्या भाकरीनंच आपल्याला बांधून ठेवलंय. आज उचल घेणाऱ्याला पोकळ उपदेश करून भागणार नाही. पण ती भाकर आणि ही उचल एकाच दोरखंडाची आहे, हे सांगायचं काम आपलंच आहे.

आता माझ्या गोदीची गोष्ट सांगतो. माझा आजा भंडाऱ्याहून मुंबईला आला तेव्हा गोदीत टोळीवाल्याचं राज्य होतं. सकाळी फाटकावर शेकडो माणसं उभी. टोळीवाला बोट करील तो आत. ज्यानं काल त्याला दारू पाजली तो आधी. मजुरी त्याच्या हातून, कर्ज त्याच्याकडून, व्याज त्याला. मग गोदी कामगार लढले, युनियन झाल्या, १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, नोंदणी झाली. आज्याचं नाव रजिस्टरात चढलं. काम पाळीनं, हजेरी बोर्डाची, काम नसेल त्या दिवशीही हजेरीचे पैसे. टोळीवाला मेला नाही, पण त्याच्या हातातली वही गेली. १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. तिथंही तेच. हमालाचं नाव बोर्डाकडं, मालक पैसे बोर्डात भरणार, मुकादमाच्या खिशात नाही.

बाप आज्याच्या जागी लागला, नोंदीत कामगार म्हणूनच निवृत्त झाला. मी कंत्राटी. माझं नाव कुठल्या रजिस्टरात आहे मला माहीत नाही. माझी हजेरी कंत्राटदाराच्या वहीत. फाटकावर सकाळी आम्ही उभे असतो आणि सुपरवायझर बोट करतो. तीन पिढ्यांत आम्ही गोल फिरून तिथंच आलो. म्हणून मामेभावाची गोष्ट मला लांबची वाटत नाही. माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की मी संध्याकाळी घरी येतो.

कायद्याचं म्हणाल तर कायदे ढीगभर आहेत. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा. आणीबाणीत आधी वटहुकूम निघाला, २५ ऑक्टोबर १९७५ पासून वेठबिगारी संपली असं जाहीर झालं. विनोद बघा. आख्खा देश बांधून ठेवला होता तेव्हा बिगाऱ्याच्या सुटकेचा हुकूम निघाला. पण कायदा चांगला आहे, तो पोरांनो वाचा. उचलीचं कर्ज त्या कायद्यानं रद्द होतं. फेडायचंच नाही. म्हणजे मामीचे कानातले मुकादमानं नेले ते बेकायदा. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायचं काम सावकाराचं. जिल्हाधिकाऱ्यावर जबाबदारी. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती, तिच्यात अनुसूचित जाती-जमातीचे प्रतिनिधी. तपास झाला की मुक्ती प्रमाणपत्र. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुनर्वसनाचे पैसे ठरले: पुरुषाला एक लाख, बाई आणि लेकरांना दोन लाख, फार भयानक प्रकरणात तीन लाख. ॲट्रॉसिटी कायद्यातही दलित-आदिवासीला वेठीला धरणं हा वेगळा गुन्हा आहे.

आणि केंद्र सरकारनंच २०१६ मध्ये सांगितलं की २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार शोधून सोडवायचे आहेत. म्हणजे एवढे आहेत हे सरकारला मान्य आहे. जगाचा आकडा हवा असेल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ सालासाठी सांगितला: २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या कामात. आता तुमच्या जिल्ह्याच्या दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली ते कलेक्टर कचेरीत जाऊन विचारा. कारकून आधी विचारील, कसली समिती?

परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता. ठेकेदारानं परवाना घ्यायचा, मजुराला नाव-फोटोचं पासबुक द्यायचं, प्रवासखर्च द्यायचा. त्या पासबुकांचं काय झालं ते २०२० च्या एप्रिल-मे मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. तेलंगणाच्या मिरचीच्या शेतातून बस्तरकडं चालत निघालेली बारा वर्षांची आदिवासी पोरगी घराच्या जवळ येऊन रस्त्यात मेली. ८ मे ला करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. चंद्रपूर-गडचिरोलीचे हजारो लोक तेलंगणात अडकले होते, आणि ते किती आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी मोजलंच नव्हतं. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विरघळला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाल्या. कागदाचं नाव बदललं. पवनीच्या फाट्यावर गाडी भरते तेव्हा तिथं कुणी सरकारी माणूस वही घेऊन उभा राहील, तेव्हा आम्ही म्हणू कायदा आला.

आणि तोवर?

तोवर वही आपण उघडायची.

आपण कविता लिहितो. मीही लिहितो. गुलामीवर, साखळीवर, रक्तावर पानंच्या पानं लिहिली आपण. पण आपल्याच वस्तीतून किती माणसं कोणत्या मुकादमाबरोबर गेली हे आपल्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. मला माझ्या मामाच्या घरचं सांगता आलं नाही. जयंतीच्या वर्गणीची वही आपल्याकडं नीट असते, पै-पैचा हिशोब असतो. तशीच एक वही वस्तीतून बाहेर कामाला जाणाऱ्यांची ठेवायला काय लागतं? माणसाचं नाव. मुकादमाचं नाव आणि फोन. गाडीचा नंबर. कुठल्या तालुक्यात, कुठल्या शेतावर, कुठल्या भट्टीवर. उचल किती, रोजी किती ठरली. आधार कार्डाची एक झेरॉक्स घरी. ठरलेल्या वारी फोन, आणि दोन आठवडे फोन आला नाही तर आपली पोरं तहसीलदाराच्या दारात. एवढंच. मुकादमाला नुसतं कळलं की कुणीतरी लिहून ठेवलंय, तरी त्याची जीभ थोडी नरम येते. हे मी गोदीत पाहिलंय. टॅली क्लार्क समोर असला की माल फुटत नाही.

नागपूर, मुंबई, पुण्यातल्या मित्रांसाठी दुसरं काम. स्टेशनवर, नाक्यावर, बांधकामाच्या साईटवर पंधरा-वीस जणांचा घोळका एका माणसाच्या मागं मुकाट चाललेला दिसला तर बोला त्यांच्याशी. गाव विचारा. कार्ड स्वतःजवळ आहे का विचारा. कुणी अडकलाय असं कळलं तर एकट्यानं हिरोगिरी करायला जाऊ नका, मार खाल आणि मजूर रातोरात दुसरीकडं हलवला जाईल. जिल्हाधिकाऱ्याला लेखी द्या, १९७६ च्या कायद्याचं नाव घालून द्या, पोच घ्या. पोच महत्त्वाची. सुटका झाली तर मुक्ती प्रमाणपत्र मिळेपर्यंत माणसाबरोबर राहा, नाहीतर त्याला गाडीत बसवून गावी धाडतात, आणि गावी त्याच मुकादमाची उचल त्याची वाट बघत असते.

तिसरं काम सगळ्यात अवघड. आपल्यातल्या मुकादमाला ओळखणं. त्याची वर्गणी परत करणं. त्याला व्यासपीठावर न बसवणं. तोही कधीकाळी मजूरच होता, त्याच्याही मागं मोठा ठेकेदार आणि त्याच्यामागं मालक आहे, हे खरं. मोठा मासा तोच. पण त्याच्या हातानं आपलं पोरगं विकलं जात असताना त्याच्या हातून बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून घ्यायचा, हे आता बंद.

आणि मागणी साधी. धरण बांधणाऱ्या सरकारकडं ३३ दारांचा हिशोब आहे, किती घनमीटर पाणी आत आलं नि किती बाहेर गेलं तो तासातासाला आहे. त्याच धरणानं उठवलेल्या गावांतून किती माणूस दरवर्षी बाहेर जातो त्याचा हिशोबही ठेवा. गावातच काम द्या. रोजगार हमीचा कायदा याच महाराष्ट्रानं १९७७ मध्ये देशात सगळ्यात आधी केला. जानेवारी ते एप्रिल हाताला काम आणि आठवड्याला दाम मिळाला तर मिरचीच्या शेतावर कोण जातंय मरायला? ऊसतोड असो, मिरची असो, वीटभट्टी असो, नोंदणी बोर्डाची करा आणि मजुरी बोर्डातून द्या. गोदीत झालं, माथाडीत झालं, तिथं का होणार नाही?

माझा मामेभाऊ मुंबईत दोन महिने राहिला. माझ्याबरोबर फाटकावर उभा राहायचा. मग गावी गेला. जाताना म्हणाला, "दादा, मी आता एक वही घेतली हाय. आमच्या गावठाणात कोन कुठं जाते ते लिवून ठेवतो." पहिल्या पानावर त्यानं स्वतःचं नाव लिहिलंय. जानेवारी २०२४. उचल पंधरा हजार. मुकादमाचं नाव. परत आला, पायी.

तुमच्या वस्तीची वही उघडली की आम्हाला कळवा.

जय भीम.